आतली कडी

३ मार्च
लिहायला बसायचं कारण एकच. काल टीव्हीवर माझ्या आईने माझ्या धाकट्या बहिणीला अंधाऱ्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. हे साफ खोटं आहे. घरात बोलायला आईच आहे, आणि तिच्याशी हे बोलता येत नाही.

धाकटी गायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, लोक अजून तिची गाणी लावतात. म्हणून वाहिनीने तिच्यावर मालिका काढली. आम्ही दोघी हौसेने बसलो होतो. आईने तर केस विंचरून घेतले, जणू पाहुणेच येणार होते! नटी बरी आहे, मान अगदी धाकटीसारखी वळवते. पण मालिकेतली आई — कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंडात सदा ‘या घरात गाणं चालणार नाही’.

भाग संपल्यावर आई म्हणाली, “मी एवढी जाड होते?”

५ मार्च
मालिकेच्या लेखकाला फोन केला. “मॅडम, तुमच्या बहिणीनेच मुलाखतीत सांगितलंय, आईने कोंडलं म्हणून गळा तयार झाला.” म्हटलं, ती आमच्या घरातली थट्टा होती, आणि तिला सगळ्यात आधी आईच हसायची. “असेल हो. पण थट्टेवर भाग निघत नाही.”

जन्मभर शाळेत पोरांना गप्प बसवलं. याला बसवता आलं नाही, फोन ठेवून दिला.

खरी गोष्ट अशी. खालच्या मजल्यावरचा माणूस छापखान्यात रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. धाकटीने सूर लावला की तो छताला काठी ठोकायचा. म्हणून आईने अडगळीच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या आणि दाराला आतून कडी बसवली. मध्येच कोणी दार उघडलं की काठी सुरू! धाकटी गायची, आई पुठ्ठ्याने तिला वारा घालायची. तिसऱ्या माणसाला आत जागा नव्हती. मी बाहेर बसून अभ्यास करायची.

८ मार्च
शेजारीण जिन्यात भेटली. “तुमच्या आई दिसतात तर गरीब गाय!” म्हटलं, टीव्हीवाले काय, तुम्हालाही गरीब गाय दाखवतील.

११ मार्च
आज आईने विचारलं, “अगं, मी कोंडलं होतं का गं तिला?”

आईची स्मरणशक्ती हल्ली विरली आहे. जिथे भोक पडलं तिथे मालिका शिरली. “पाणीसुद्धा दिलं नाही मी लेकराला.” पाण्याचा प्रसंग कालच्या भागातला.

टीव्ही बंद करून टाकला. आधीच करायला हवा होता.

१२ मार्च
दिवसभर समजावलं. शेवटी म्हणाली, “तू बाहेर होतीस. तुला काय माहीत?”

बाहेरच होते.

१४ मार्च
हाताला धरून तिला अडगळीच्या खोलीत नेलं. दार बाहेरून पांढरं, आतून निळं. तो निळा रंग आईनेच दिलेला, कडीसकट, धाकटीच्या आवडीचा. पुढे त्याला कोणी हात लावला नाही. आईचं बोट कडीवर ठेवलं. बराच वेळ चाचपत राहिली.

“आतून आहे गं.”

“मग लावायचं कोण?”

“मीच. तिला कुठलं भान? डोळे मिटून गायची.” मग हसली. “काय घामाघूम व्हायचो दोघी!”

मी तोंड फिरवून गाद्यांची धूळ झटकत राहिले.

१६ मार्च
सकाळी पुन्हा तेच. “कोंडलं मी तिला.” रोज तिथवर जाणं तिच्या गुडघ्यांना जमणार नाही. स्क्रू काढले आणि कडीच तिच्या हातात आणून दिली. रंगावरून अंगठा फिरवते. “निळी आहे. म्हणजे आतली,” म्हणते, आणि उशीखाली ठेवते. तासाभराने पुन्हा काढून बघते.

गोळ्यांपेक्षा हिचा गुण येतोय.

२१ मार्च
ताप, धाप. रुग्णालयात आणलं. निघताना म्हणाली, “कडी घेतलीस?” कडी घेतली, चष्मा घरी राहिला.

२४ मार्च
आईच्या वस्तू सही करून ताब्यात घेतल्या. शाल. कानाचं यंत्र. कडी.

नर्स म्हणाली, “ही शेवटपर्यंत मुठीत होती त्यांच्या. कशाची आहे हो?”

“आतली,” म्हटलं.