एका नावाच्या दोघी

कुमासी, रविवार

प्रिय रघू,

तक्रार गंभीर आहे, बसून वाच. माझ्या जावयाला नावं ठेवता येत नाहीत. मला येतात, हे तू जाणतोसच.

ओसेई प्रोग्राम लिहून पोट भरतो, आणि तरी व्हेरिएबलांची, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्यांची, नावं स्वतः लिहायचा त्याला कंटाळा. प्रोग्राम चालता चालता यंत्रानंच वार पाहावा, मुलगा की मुलगी ते पाहावं, त्यावरून नाव जुळवावं आणि त्या नावाचा डबा मांडून त्यात माहिती भरावी, अशी त्याची सोय. इथे जन्मवारावरून नाव पडतं, गुरुवारची मुलगी म्हणजे याआच, त्यामुळे त्याला यात वावगं काही दिसलं नाही.

माझ्या मुक्ताला गुरुवारी जुळ्या मुली झाल्या. थोरली ठणठणीत. धाकटी पसाभर, दवाखान्यात काचेच्या उबदार पेटीत. तिचं वजन वाढतंय का, एवढ्याकडेच सगळ्या घराचे डोळे. नर्स रोज दोघींची वजनं फोनवर पाठवते, आणि ओसेईचा प्रोग्राम ती आपोआप टिपून ठेवतो.

काल सकाळी धाकटीचं वजन एकदम भरघोस दिसलं. मुक्ता रडली. विहीणबाई सेरवाआंनी पामफळांचं सार चुलीवर चढवलं, शेजारी वाटलंसुद्धा. मी चष्मा लावून पाहिलं, तर दोघींची वजनं ग्रॅमापर्यंत सारखी. दोघी गुरुवारच्या, दोघी याआ, तेव्हा डबा एकच. धाकटीचं वजन आधी पडलं, थोरलीचं त्यावर येऊन बसलं. नर्सचा निरोप उघडला. धाकटी होती त्याहून किंचित उतरली होती.

ओसेई ओशाळून म्हणाला, "बाबा, सोपं आहे. याआ एक, याआ दोन करतो."

तेव्हा मला आपली संस्कृत पाठशाळा आठवली. तुला तो दत्तांचा घोळ आठवतो ना? शास्त्रीबुवांनी आधी थोरला दत्ता, धाकटा दत्ता केले. मग कोल्हापूरचा आला, तो झाला मधला. मग थोरला भावाची मुंज आटोपायला म्हणून घरी गेला तो परतलाच नाही, आणि मधला कुणाच्या मधला हे खुद्द बुवांना सांगता येईना. एका दत्ताचा मार दुसऱ्यानं खाल्ला. शेवटी बुवांनी नावांचा नादच सोडला. ओसरीच्या खांबांना क्रम दिला आणि म्हणाले, "तिसऱ्या खांबाशी बसलेल्या, रूप म्हण." त्या खांबाशी तू होतास, आणि तुला ते कधीच येत नसे. मी मागून कुजबुजायचो. शेंदरी कौलांवरून ऊन उतरेपर्यंत चाललेलं ते घोकणं अजून माझ्या कानात आहे.

हे सगळं ओसेईला सांगितलं. म्हटलं, "नावांचे डबे मांडू नकोस. एकच कोश कर. दवाखान्यानं मनगटावर बांधलेल्या पट्टीचा आकडा, त्यापुढे त्या पोरीची सगळी वजनं ओळीनं, आणि नावाची जागा आत मोकळी. नाव उशिरा ठरो, बदलो, पोरगी हरवणार नाही." त्यानं चहा निवायच्या आत केलं.

सेरवाआ दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "दोघं एवढे शिकलात, आणि दोन पोरी वेगळ्या ओळखता येईनात? माझी कोंबडी बारा पिल्लं सांभाळते, तिला शिकवायला ठेवा."

नावाची जागा मोकळी ठेवावीच लागते इथे. याआ हे नुसतं वाराचं; आठव्या दिवशी पहाटे मूल अंगणात आणतात, तेव्हा खरं नाव. तोवर ते पाहुणं. मी थोरलीला एकदा लाडानं हाक मारली, तर सेरवाआंनी दटावलं, "व्याहीबुवा, पाहुण्याला नाव विचारू नये. राहायचं की नाही, ते आधी ठरवू दे त्यांना."

ओसेईच्या घरची नावं ठरली आहेत. त्यांच्या जोडीला एकेक मराठी नाव मी द्यायचं, हा मुक्ताचा हट्ट. थोरलीसाठी रेवती चटकन सुचलं. धाकटीसाठी बसलो की उठतो. कमळाला शंभर शब्द पाठ असलेला मी, मुक्ताला सांगतो, सुचत नाही गं.

तुला खरं सांगतो. सुचू देत नाही. एकदा सुचलं की मी मनात तिला त्या नावानं हाका मारायला लागेन, आणि गुरुवारी अंगणात एकच पोर आली तर त्या नावाचं मी काय करू, हे मला कळत नाही. मला फार भीती वाटते, रघू. म्हणून तिचं नाव तू शोध, आणि बुधवारच्या आत फोनवर कळव.

तुझाच,
माधव