आधी उचलायचं, मग ढकलायचं

प्रिय नुन्त्सिओ,

हे पत्र तुरुंगाच्या टपालातून आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझी वहिनी माझे मळके कपडे धुवायला घरी नेते, त्यांतल्या एका कॉलरीत शिवून ते बाहेर पडलं. म्हणून कागद पातळ आणि अक्षर बारीक. चष्मा लाव, नसती ऐट नको.

आई भेटायला आली होती. काचेपलीकडून तिचं तेच सुरू, “जेवतोस का रे? तोंड बघ, वाळक्या अंजिरासारखं झालंय.” मग मी गेल्या सप्टेंबरच्या मिरवणुकीचं विचारलं. मरियामातेची मूर्ती तुझ्या गॅलरीखाली थांबली म्हणे, खांदेकऱ्यांनी गुडघे वाकवले आणि माता तुझ्यापुढे लवली. आधी ती बाबांपुढे लवायची, मग माझ्यापुढे. घराण्याचा मुख्य जो, त्याच्या दाराशी ती वाकते. आपल्या गावात याहून मोठी पदवी नाही. आई म्हणाली, “वाकली बाई. तिला काय, खांदेकरी वाकवतील तिथं वाकते. मी मात्र खिडकी लावून घेतली.”

बंदरात आपला माल पकडला गेला, माझ्या नावाचं वॉरंट निघालं, आणि बाबांच्या घरातल्या पावाच्या भट्टीमागे मी लपायची खोली बांधली, आठवतं? मला कुणी शिकवलेलं नव्हतं. ओळंबा, पाणसळ, थापी आणि माझं डोकं. हवेची नळी अंजिराच्या पोकळ खोडातून अशी काढली की मुंग्यांनाही पत्ता लागू नये. तू कंदील धरायचास आणि सावल्या विटांवर नाचायच्या. मी खेकसायचो, “हात स्थिर ठेव रे! भिंत बांधतोय, वरात नाही काढत.” तू म्हणायचास, “दादा, पोपसाठी महाल बांधतोयस का? उंदराचं बीळ आहे ते.” किती हसलो होतो आपण.

दाराला दर्शनी विटा लावून ते लोखंडी रुळावर बसवलं. रुळाला मुद्दाम एक खाच ठेवली. दार आधी बोटभर उचलायचं, मग ढकलायचं. नुसतं ढकलणाऱ्याला ती भिंतच वाटणार. बाहेरून ते कसं उघडतं हे तुझ्या वहिनीलाही ठाऊक नव्हतं. ती नळीतून हाक मारायची आणि मी आतून उघडायचो. ठाऊक होतं बांधणाऱ्याला आणि कंदील धरणाऱ्याला.

पोलीस आले तेव्हा मी आत कॉफी उकळत होतो. भट्टीशी बुटांचा आवाज आला, तरी मी निश्चिंत. पूर्वीही त्यांनी ती भिंत ठोकून पाहिली होती आणि आईला शिव्या घालून परत गेले होते. या वेळी कुणी ठोकलं नाही. दार बोटभर वर उचललं गेलं, मग अलगद सरकलं. दारातला पोलीस म्हणाला, “काम सुरेख केलंयस हो, साव्हेरिओ.” बेड्यांचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते त्या बोटभर उचलण्याचं.

मी कुणापाशी एक शब्द काढला नाही. पण कोर्टात त्या पोलिसानं दार कसं उघडलं ते ऐटीत सांगितलं. कंदील कोण धरायचं हे ठाऊक असलेल्या पेपे काकांनी बाकावरून माझ्याकडे पाहिलं, आणि मला नजर चुकवता आली नाही.

यंदा जानेवारीत डुक्कर कापायला सगळे जमले, तुला बोलावणं नव्हतं. तुला वाटलं असेल, विसरले. आपल्यात डुकराच्या दिवशी सख्ख्या पुतण्याला कुणी विसरतं का? कढईभोवती उभ्या उभ्या तुझं ठरलं. काकांचा निरोप मला आला, “घरातली घाण घरच्याच झाडूनं निघते. तू आत आहेस, तर तुझा पोरगा आहे.” मी हो म्हटलं. नाही म्हणणाऱ्याच्या पोराचं काय होतं, ते तुला सांगायला नको.

येत्या मिरवणुकीत माझा ब्रूनो पुढच्या दांड्याला खांदा देणार आहे. मूर्ती तुझ्या गॅलरीखाली थांबेल, पण वाकणार नाही. सगळ्या चौकाला कळेल. मग ब्रूनो दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन तुझा जिना चढेल. तू कडक इस्त्रीचा शर्ट घालून फुलं उधळत उभा असशील. मी ओळखतो तुला. त्याआधी निघून जा. समुद्रापार, कुठंही. मला कळवू नकोस. आणि तुझ्या काळजीनं लिहितोय असं समजू नकोस. ब्रूनोला त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी सांगतील. परवाच्या भेटीत तो मला विचारत होता, “बाबा, कमान मध्ये खांब नसताना उभी कशी राहते?” बांधकाम शिकायचंय त्याला. मी काचेवर बोटानं कमान काढून दाखवली, त्यानं पलीकडून गिरवली. रेघ कुठं हलली नाही. त्याचा हात तुझ्यासारखा थरथरत नाही, नुन्त्सिओ.

अजूनही तुझाच,
साव्हेरिओ