अवधाण

११ जाने. ८८, घाटकोपर
लॅबमध्ये उंदीर हाताळून आले म्हणून आजही सासूबाईंनी दारातच अडवलं. आंघोळ झाल्याशिवाय ओट्याला हात नाही. लग्न झाल्यापासून हेच.
आंघोळ करून येते तर बाईसाहेब पाय पसरून बसलेल्या. शेजारच्या काकी बिब्ब्यात सुई टोचून दिव्यावर तापवतायत, टाचेवरच्या कुरुपाला चटका द्यायला. टाच काळी. म्हटलं, हे कधीपासून?
"बिब्ब्याचो डाग तो. कधी बघूक नाय गो?"

१९ जाने.
लॅबमध्ये उंदरांची फुप्फुसं उघडली. शेपटीत टोचलेल्या काळ्या कॅन्सरच्या पेशी तिथे पोचल्यात, मोहरीएवढे ठिपके. ज्या पेशींना आधी रसायन दिलं होतं त्यांचे जास्त. सर 'सिग्नल' म्हणतात, मी मनात निरोप म्हणते. बाहेरून निरोप येतो, आतलं एन्झाइम पेशीच्या पापुद्र्याशी जाऊन चिकटतं, मग निरोपावर निरोप, आणि पेशी जागा सोडते. तो मधेच अडवता आला तर... एवढंच माझं काम.
बसमध्ये टाच डोक्यातून जाईना. बिब्ब्याचा डाग पुसट होत जातो. हा पसरतोय. कडा वेड्यावाकड्या.

२० जाने.
सांगितलं, माझ्या उंदरांतही अशाच काळ्या गाठी होतात. तुकडा काढून तपासू. भडकल्या.
"तुझ्या उंदरांका काप! माझ्या पायाक हात लावू नको."
नवरा पेपरातून डोकं न काढता, "तुला ना यार, सगळीकडे कॅन्सरच दिसतो."
आग लागो त्या पेपराला.

६ फेब्रु.
सा.बा. लंगडतायत. जांघेत गाठ. काकींना सांगत होत्या, "अवधाण इलाहा. पायाक जखम झाली की येताच." काकींनी लेप सुचवला.
येतं, खरंय. माझ्या आईलाही यायचं. पण ते ठणकतं. हिची गाठ दुखतच नाही. हात लावला तर टणक. झटकला माझा हात.
ओरडले. तिच्यावर पहिल्यांदाच. "हे अवधाण नाही, निरोप पोचलाय!" कुणाला काय कळणार, कपाळ!
नवरा म्हणे, आईशी नीट बोल. म्हटलं, हिला दवाखान्यात नेलं नाहीस तर मी मुलुंडला माहेरी जाते, आणि का जाते ते चाळभर सांगून जाते. वाईट बोलले. बोललेच.

१० फेब्रु.
नेलं एकदाचं. तुकडा काढला. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. सा.बा. त्यांच्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. रिपोर्ट पुढल्या आठवड्यात.

१३ फेब्रु.
ही बाई मला आवडत नाही. लिहून ठेवते, उद्या मीच उलटं बोलायला नको.
लॅबमधून आले. दारात स्टूल टाकून बसलेली.
"त्या उंदरांका कितके दिस मिळतत?"
"कुठल्या?"
"तुझ्याच गो. काळ्या गाठीच्या."
म्हटलं, जगतात की बरेच.
बघत राहिली. "खोटारडी," म्हणाली. "जा, आधी आंघोळ कर."
पण दारातून उठेचना.