रानतुळशीचं वीस मिली तेल

प्रिय तेजल,

परवा तू फोनवर सदतीस टक्के म्हणालीस आणि मी नुसतं "वा" म्हणालो. आपल्या डोंगरावरच्या रानतुळशीत इतकं युजेनॉल, ते जंतू मारणारं द्रव्य, तुमच्या प्रयोगशाळेच्या कुठल्याच नोंदीत नव्हतं, बशीतले जंतू तेलाच्या थेंबाभोवती अडीच सेंटिमीटर मागे सरले, तुझ्या मार्गदर्शक मॅडम खूश आहेत आणि सोमवारी तू हे सगळ्या विभागासमोर मांडणार आहेस, हेही तू सांगितलंस. त्यानंतर मी दोनदा तुला फोन लावायला घेतला, पण खरं सांगणं जमलं नाही. पत्रात मधेच कुणी "आप्पा, ऐका ना" म्हणत नाही, म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

तू सहावीत असताना पान चुरगाळून वास घ्यायचीस आणि मी ओरडायचो की आधी भिंगातून बघ. वास पानात नसतो, पानावरच्या बारीक लवेच्या टोकाशी पिशव्या असतात त्यात असतो. झाड हे कुणासाठी करतं, असं तू विचारलं होतंस. आपल्यासाठी नव्हे, किडीनं खाऊ नये म्हणून, हे मी ऐटीत सांगितलं. ऐट होतीच. दहावी नापास माणसानं शब्दकोश घेऊन दोन पावसाळे एक इंग्रजी पुस्तक वाचलं होतं. कुठलं पान सावलीत किती तास सुकवायचं, वाफ किती मंद ठेवायची, यात मी कुणाचं ऐकत नाही.

हिराचंसुद्धा ऐकलं नाही. ठाकरवाडीवरून ती पाला कापायला येते, तुला माहीत आहे. कार्तिकात ती दोनदा सांगून गेली, "भाऊ, मंजिऱ्या वाळाय लागल्या, कवा कापायचं?" मी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर पाहुण्यांना अर्क कसा काढतात ते दाखवत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. आठवडा गेला. परतलो तेव्हा तुळस बियांवर आली होती, आणि बियांवर आलेल्या झाडात तेल कमी होतं, हे मीच तुला शिकवलेलं.

चार किलो पाल्यातून अकरा मिली निघालं. तू वीस मागितलं होतंस आणि मी "वीसच्या वर देतो" म्हणालो होतो. कपाटात लवंगतेल होतं, कामशेतच्या दुकानातून आणलेलं. त्यातलं नऊ मिली मोजून घातलं. मोजून, बघ! बूच लावताना हिरा जवळ होती. "आवं भाऊ, ही रानतुळस न्हाई. दातवाल्या डाक्टरचा वास येतुया हिला." मी तिला म्हणालो, तुला काय कळतं. ती हसत म्हणाली, "व्हय बाबा, पुस्तक तुमचं, नाक आमचं."

मला वाटलं होतं, वास घेऊन नि वीस मिली भरलं एवढं पाहून तुम्ही बाटली कपाटात ठेवाल, तपासणीच्या यंत्रात घालणार नाही. लवंगतेलात ऐंशी टक्के युजेनॉल धरलं, तर वीसमधल्या नऊ मिलीचे छत्तीस टक्के होतात. उरलेला एखादा टक्का आपल्या तुळशीचा. जंतू मारले ते लवंगेनं. काल वाडीवर जाऊन हिराची माफी मागितली. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? पोरीला सांगा."

म्हणून सांगतोय. सोमवारी हे आकडे मांडू नकोस. पत्र मॅडमना दाखव, चूक माझी आहे असं सांग. लागलं तर मी स्वतः येऊन उभा राहीन. शेजारचा संदेश उद्या गाडी घेऊन पुण्याला येतोय, त्याच्याकडे उरलेलं लवंगतेल देतोय. तेही यंत्रात घालून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. नवा फुलोरा आश्विनात येईल, म्हणजे तुझे नऊ-दहा महिने माझ्यामुळे गेले. फोन कर आणि हवं ते बोल. फक्त गप्प बसू नकोस, बाळा.

तुझाच,
आप्पा