येतो म्हणून

५ नोव्हेंबर
वरच्या खोलीत पाहुणी आली. नोमिन (इथून पुढं नो.), मंगोलियाची. विद्यापीठात एम.एस्सी. प्रवेश जुलैतला, व्हिसा आत्ताचा. वसतिगृहात जागा होईपर्यंत आमच्याकडं. मुलगा बंगळूरला गेल्यापासून त्या खोलीत फक्त इस्त्रीचे कपडे राहतात.

समोरचे पाटील माझ्या आधी दारात. "काय लेखक, नेपाळची का पोरगी?" म्हटलं, मंगोलिया. "म्हंजे चंगेजखानवाली?" जरा विचार करून, "मग सांभाळून ऱ्हावा."

माझ्या डोक्यात मंगळवारचं सदर. परक्या पोरीच्या डोळ्यांनी कोल्हापूर : खड्डे, हॉर्न, तिखट. तीन मंगळवार तरी निघतील. ती रडत जाईल, मी लिहीत जाईन.

७ नोव्हेंबर
रडत नाही. विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? तिचं इंग्रजी बेताचं, माझंही बेताचं, त्यामुळं एकमेकांना छान कळतं. म्हणाली, आमच्याकडं दिवसभर घोड्यावरून गेलं तरी माणूस दिसत नाही. इथं हॉर्न वाजला की वाटतं, कुणीतरी 'मी आहे' म्हणतंय.

राजारामपुरीतल्या हॉर्नवर आजवर किती लेख झोडले. हे नव्हतं सुचलं. पहिला मंगळवार बुडाला.

पाटील कानटोपीत. नो. अर्ध्या बाह्यांत. "थंडी कधी सुरू होते?" म्हणून विचारत होती.

९ नोव्हेंबर, रवि.
मटण. मीच केलं. सौ. पुण्याची, तिच्या आमटीशी एकनिष्ठ. नो.नं पांढरा रस्सा वाट्यावर वाट्या प्यायला. मग सुरी मागून घेतली आणि हाड असं कोरलं की शोकेसात ठेवावं. हाडावर मांस ठेवणं म्हणजे जनावराचा अपमान, म्हणे. पाटील सहज डोकावले होते (मटणाच्या दिवशी सहजच डोकावतात). ताटाकडं बघून गहिवरले. "लेखक, पोरगी हितलीच हाय. चुकून तिकडं जल्मली."

१२ नोव्हेंबर
सकाळी गोंधळ. सौ.नं शिकवलेलं, कुणाच्या दारात गेलं की आधी हाक द्यावी. नो. पाटलांचा डबा परत द्यायला गेली आणि उंबऱ्याशी उभं राहून खणखणीत मराठीत : "कुत्रं धरा!"

पाटलांकडं कुत्रं नाही. घरात त्या वेळी एकटे पाटील. बनियनवर बाहेर. "कुत्रं कोन? आँ? कुनाला धरायचं?"

उलगडा व्हायला चहा संपला. तिच्या माळावर तंबूपाशी आलं की हीच हाक; मराठी मोबाइलनं करून दिलेलं. कुत्रं असो नसो. म्हणजे आपलं 'कोण आहे का घरात?'

संध्याकाळी पाटील आमच्या दारात. "वहिनी, कुत्रं धरा!"
सौ. आतून, "धरलंय. लिहीत बसलंय."

१६ नोव्हेंबर
नो.ला गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेलं. म्हशी रस्त्यात, गिऱ्हाईक म्हशीपाशी, धार थेट ग्लासात. नो. ग्लास धरून नुसती उभी. वाटलं, किळस आली; चला, सदराला एक ओळ तरी. बघतो तर म्हशीच्या पाठीवर हात आणि डोळे भरलेले. आल्यापासून पहिल्यांदा. मग गटागट. फेसाची मिशी. "शहराच्या मध्यभागी तुम्ही हे ठेवलंत?" जणू मीच ठेवलं. मी मान हलवली. श्रेय घ्यायला काय जातंय.

म्हशीवाल्या शांताक्का बघत होत्या. "काय पावणं, काढतीस व्हय धार?" नो.ला खूण कळली. बसली, गुडघ्यात भांडं धरलं, आणि धार अशी वाजली की दोन गिऱ्हाइकं वळली. शांताक्का : "आगं बाई! हात बसलाय की पोरीचा!"

पावणं ते पोरगी, एका भांड्यात. मला इथं जन्मून अजून काही लोक 'पावणं' म्हणतात.

२२ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी कट्ट्यावर. मराठी तिथलीच भरून आणते. आज दारातून, "काकू, मी आलो! उद्या परत जातो."

सौ. शाळेत मराठी शिकवते. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलतो' म्हणतात, आणि लग्न होऊन आल्यापासून ही एकटी सगळ्या जिल्ह्याचं व्याकरण तपासतेय. "आलो नाही, आले. तू मुलगी आहेस ना?"
"शांताक्का मुलगी नाही?"
मी वर्तमानपत्र वर धरलं.

मग दुसरा प्रश्न. इथं जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. मग खरंच येणार कोण, हे कळतं कसं?
सौ. : "जातो म्हणू नये. अशुभ असतं."
"पण कळतं कसं?"
पाटील येतात खरं. रविवारी.

त्यांच्याकडं, म्हणाली, काहीच बोलत नाहीत. आई पळीनं दूध शिंपडते जाणाऱ्याच्या मागं. वाट पांढरी व्हावी म्हणून.

४ डिसेंबर
घरून फोन. वडील घोड्यासकट बर्फावर घसरले. कंबर गेली. आई एकटी, एवढी मेंढरं, आणि खरा हिवाळा तर पुढंच. ती वर्गातून आली ते बॅग काढायलाच.

परत कधी? "वसंतात. कदाचित."

विद्यापीठात जाऊन आलो. हजेरी भरली नाही तर वर्ष जाणार. काही करता येईल का? "बघू." ह्या 'बघू'चं इंग्रजी मला करता येईना. तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं.
"मला शिकायचंय, काका." बॅगेत कपडे भरता भरता, दोनदा.

७ डिसेंबर
गेली.

पाटील सकाळपासून रिक्षा धरून. शांताक्का गंगावेशीतनं चालत, किटलीत दूध घेऊन. "वाटंत भूक लागंल पोरीला." विमानात किटली नेता येत नाही, हे सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. नो.नं तिथंच उभ्यानं पेलाभर प्यायलं.

सौ.नं हातावर दही ठेवलं. नो. वाकली, पाया पडली. कुणी शिकवलं कोण जाणे. रिक्षा सुरू झाल्यावर डोकं बाहेर काढून,
"काकू, येतो!"

मी सौ.कडं बघितलं. ओठ हलले. सवय. पण व्याकरण न तपासता आत गेली, पळी आणली, किटलीतलं दूध घेऊन रिक्षा वळेपर्यंत रस्त्यावर शिंपडत राहिली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी, "वैनी, दूध नासलं व्हय?"
पाटील गरजले, "गप की रं! वाट पांढरी कराय लागल्यात त्या."

म्हणजे पाटलांनाही सांगितलं होतं तिनं.

९ डिसेंबर, मंगळ.
संपादकांचा फोन. सदर कुठाय? म्हटलं, तिखट संपलंय. त्यांना विनोद वाटला.

२० डिसेंबर
फोन लागत नाही. तिकडं माळावर रेंज नसते, फोनला गावात यावं लागतं, असं तीच म्हणायची. आज विद्यापीठातून निरोप : वसतिगृहात जागा झाली, मुलीला पाठवून द्या.

इस्त्रीचे कपडे घेऊन वर गेलो. सौ. गादीवर धुतलेली चादर घालत होती.
"तिथं नका ठेवू ते."
म्हटलं, अगं, वर्ष जाणार तिचं. आणि वसंतात, तेही 'कदाचित' म्हणालीय.
"'कदाचित' इंग्रजीत म्हणाली." सौ.नं चादरीचं टोक ताणून गादीखाली खोचलं. "मराठीत 'येतो' म्हणालीय की."