उरलेल्या जिभेची शिकवणी

४ जून
नाव घातलं! चिनी उच्चारांच्या वर्गात. ह्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. "अगं, आधी मराठी तर नीट येऊ दे!" — म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. चावा, चावा. तुमची अख्खी आहे.

माझा डावीकडचा तुकडा गाठीबरोबर गेला, शेंडाही थोडा गेला. जीव वाचला, नशीब काढलंस, असं येणारा-जाणारा सांगतो. काढलं ना! पण इतकी वर्षं स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या, आणि आता आतल्या खोलीत पासांवर शिक्के मारते. पुकारायला माझीच जुनी टेप लावतात. काय खणखणीत बोलते ती बाई! मेलीचा हेवा वाटतो.

मला तो माईक परत हवाय. शिकवणी चिनीचीच का, म्हणून हे विचारत राहिले. मराठीत मी तोंड उघडलं की समोरच्याचा चेहरा कसनुसा होतो, आणि हे पुढे होऊन सांगतात, "ती म्हणतेय की…" चिनीत सगळेच बोबडे. तिथे मी पेशंट नाही. वर्गात कुणाला सांगणारही नाही.

५ जून
दवाखान्यातल्या उच्चारवाल्या मॅडमचा एकच धोशा — जीभ उचला, टाळ्याला लावा. उचलली जीभ लावली टाळ्याला! लोकांना हे फुकट जमतं, दिवसभर करतात. मला आरशासमोर घाम फुटतो.

९ जून
पहिला वर्ग. शिंप्याच्या दुकानावरची खोली, खालून मशिनची घरघर. बाई कडक आहेत. हसत नाहीत, पण खेकसतही नाहीत. पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात इंग्रजी 'बी' छापलाय आणि म्हणायचा प. 'पी' छापलाय, तर फ — दोन्ही ओठ मिटून, जोरात हवा सोडून. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. प म्हटल्यावर हलता कामा नये, फ म्हटल्यावर उडाली पाहिजे.

शेजारी एक टायवाले आहेत, यंत्रं मागवतात तिकडून. अक्षर दिसलं की त्यांच्यातलं इंग्रजी उसळी मारतं. ब, ब, ब! बाई म्हणाल्या, "अक्षर विसरा, कागद बघा." ओठ माझे शाबूत आहेत. माझी पट्टी उडाली ती थेट त्यांच्या चहात.

१६ जून
आज एक नवा श. जिभेचा शेंडा खाली ठेवायचा, खालच्या दातांमागे. वर न्यायचाच नाही! मधली जीभ फक्त उचलायची. सगळ्यांचे शेंडे सवयीने वर पळत होते. माझा कुठे पळणार?

बाई माझ्यापाशी थांबल्या. "हं. हा ऐका सगळ्यांनी. पुन्हा म्हणा." पुन्हा म्हटला. "पुन्हा."

जिन्यात येऊन रडले. आनंदाने रडले. खोटं कशाला लिहू?

२३ जून
फार दिवस मिरवता आलं नाही. आज दुसरा श आला, शेंडा वर वळवून मागे नेण्याचा. अरे, हा तर आपला पोटफोड्या ष! शाळेत गिरवला, जन्मात कुणी नीट उच्चारला नाही, आणि आता वसुलीला उभा.

'वो शी' म्हणजे 'मी आहे', त्यात तोच. टायवाले 'शी शी' करून खिदळले. मला नाही हसू आलं. मी आहे, एवढंच म्हणायला जीभ वर न्यावी लागते. आणि ती जात नाही.

२४ जून
जाईल कशी नाही!

३० जून
आज कहर झाला. हे मला न्यायला येतात ते दाराबाहेर बाकावर बसतात. बाईंनी मला उठवलं, "वो शी म्हणा, पुढे नाव सांगा." मी जीभ जुळवतेय, जुळवतेय… आणि दारातून ह्यांचा आवाज — "वो शी!" पुढे माझं नाव! बाहेर बसून पाठ केलं होतं. चिनीतही माझे दुभाषे!

"गप्प बसा!" मी ओरडले. खालचं मशिनसुद्धा थांबलं. सगळ्यांना कळलं, कुणाला 'काय म्हणाल्या?' विचारावं लागलं नाही.

परतताना हे भाजीवाल्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले. मला तीनदा सांगावं लागलं, पण भेंडी मी मागितली. घाम ह्यांना फुटला होता.

२ जुलै
डावीकडे खुपतंय. जास्त घोकलं असेल. सोमवारी तपासणी आहेच, नेहमीची.

७ जुलै
जमलं!! शेंडा नाही गेला, पण उजवी कड वर वळवली आणि ष निघाला. टायवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना तेव्हा सांगितलं, गाठीचं आणि तुकड्याचं. त्या म्हणाल्या, "कडेनं काढलात होय? चालेल. ऐकणाऱ्याला कड दिसत नाही."

उद्या साहेबांना सांगणार, एकदा माईक देऊन बघा. टेपवालीला सुट्टी द्या.

१५ जुलै
गाठ परत आलीय. गुरुवारी पुन्हा ऑपरेशन. ह्या वेळी बरीचशी जीभ जाईल, असं डॉक्टर ह्यांना सांगत होते. म्हटलं, "मला सांगा."

बाईंना फोन केला. मीच केला. पुढच्या वर्गांत काय शिकवणार, विचारलं. म्हणाल्या, व्यंजनं झाली, आता सूर. शब्द तोच, सूर बदलला की अर्थ बदलतो. सूर कुठून काढायचा? "गळ्यातून. जिभेचं तिथे काही काम नाही." आणि 'मी आहे'मधल्या 'शी'चा सूर कसा? "वरून खाली आपटायचा. कुणाला दटावल्यासारखा."

तो मला येतो. नाव घाला, म्हटलं.