चारशे बारा पुस्तकांची आत्या

मृत्युपत्र

मी, श्रीमती विजयश्री भ्रतार कै. माधवराव लोमटे, वय वर्षे ६४, धंदा सेवानिवृत्त ग्रंथपाल, राहणार सदनिका क्रमांक १, तळमजला, अंकुर सोसायटी, चिखली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. कोणी फूस लावलेली नाही, कोणी धाक घातलेला नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना डॉक्टरांनी विचारले, "बाई, राग फार येतो का?" मी म्हटले, येतो, आणि पूर्ण शुद्धीत येतो. त्यांनी दाखल्यात फक्त रक्तदाब लिहिला.

वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात "वारसांवरील प्रेमापोटी" असे शब्द होते. ते खोडून मी कोरा कागद घेतला.

१. माझे माहेर अंबाजोगाईकडचे. लग्न होऊन १९८४ साली पिंपरीत आले. पती एका कंपनीत टर्नर होते. १९८७ साली पहिल्या पाळीला सायकलवर जाताना ट्रकने उडवले. मी सव्वीस वर्षांची होते, मूलबाळ नव्हते. निगडीला धाकटे बंधू यशवंतराव राहत, त्यांच्याकडे राहून ग्रंथपालनाचा कोर्स केला आणि १९८९ साली एका शाळेत लागले. शाळेचे नाव या कागदावर येणार नाही. माझ्या मरणानंतर त्यांनी श्रद्धांजलीच्या फलकावर माझे नाव लिहून मोठेपणा मिरवावा, एवढी संधी मी त्यांना देणार नाही.

तीस वर्षे मी त्या शाळेत काय केले, असे कोणी विचारले तर शाळेच्या दप्तरात उत्तर सापडेल: बदली तास घेतले, खिचडीची पटसंख्या मोजली, मतदार याद्या केल्या, परीक्षेच्या उत्तरपत्रिका शिवल्या. "ग्रंथपालबाई मोकळ्याच असतात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की बदली तासाची चिठ्ठी घेऊन शिपाई दारात दिसला की माझ्या कपाळाची शीर उडायची. वाचनाचा तास वेळापत्रकात होता. वर्षातून निम्मे तास गणितवाले न्यायचे.

२. जे उरले त्यात मी एक गोष्ट केली. पुस्तकांची बारशी.

नवीन पुस्तक आले की मी ते कपाटात लावत नसे. भावाच्या माळ्यावर एक लाकडी पाळणा पडून होता, तो मी शाळेत आणला होता. पुस्तक त्या पाळण्यात ठेवायचे. ज्या मुलाला ते हवे, त्याने आधी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. मग वर्गासमोर उभे राहून सांगायचे की या पुस्तकाला मी कोणते नाव ठेवणार आणि का. वर्ग हरकती घेणार. हरकती संपल्या की पाळण्याची दोरी ओढायची, पुस्तकाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचे, आणि बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. शिपाई जाईबाई घरून हरभऱ्याच्या घुगऱ्या आणायची. शेवटच्या पानावर मी शाईने लिहायचे: पाळण्यातले नाव अमुक, आत्या तमुक, इयत्ता, तुकडी, तारीख.

पोरगा असो की पोरगी, नाव ठेवणारा तो आत्या. गणराज नावाचा सहावीतला दांडगा मुलगा ज्वालामुखीच्या पुस्तकाचे नाव "तापटराव" ठेवून गेला. आता तो चाकणला फोर्कलिफ्ट चालवतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, अजून सगळे मला आत्याच म्हणतात. सुपरवायझर पण म्हणतो, ए आत्या, ओव्हरटाइम करतो का!" तोंड वाकडे करून सांगत होता, पण मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो जपून ठेवला होता.

वाचायला कंटाळणारी पोरे नाव ठेवण्याच्या हावरेपणाने वाचू लागली. एका पुस्तकासाठी तिघे भांडले, तेव्हा मी तिघांनाही वाचायला लावले आणि वर्गाने निवाडा केला. हे शिकवणे नव्हे म्हणतात. नसू दे.

३. आता शाल-श्रीफळाविषयी.

जून २०१९ च्या अखेरीस मी निवृत्त झाले. कार्यालयात सत्कार झाला. संस्थेच्या सचिवांनी शाल घातली आणि शाल खांद्यावर असतानाच पुढे कागदांचा गठ्ठा सरकवला. म्हणाले, "चार्जचे कागद हायती मॅडम. रीतसर काम. बावीस सह्या करा म्हंजी पेन्शनची फाईल पुढं जाईल." बाहेर मुले गलका करत होती, जाईबाई रडत होती, फोटोवाला "इकडे बघा बाई" म्हणत होता. मी बावीस सह्या केल्या. कागद वाचले नाहीत.

आयुष्यभर पोरांना सांगितले की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय नाव ठेवायचे नाही. आणि मी स्वतः न वाचता नाव लिहिले. बावीस वेळा. लोक मला विचारतात, बाई तुमचा सर्वांत जास्त राग कोणावर? तर तो या बाईवर आहे. तिला मी माफ केलेले नाही आणि या मृत्युपत्राने करणारही नाही.

दीड महिन्यांनी कुदळवाडीतून फोन आला. नवनाथ नावाचे रद्दीचे व्यापारी, त्यांची मिनल माझ्याकडे शिकलेली. म्हणाले, "बाई, माझ्या मिनलचं नाव हाय या पुस्तकावर. शेवटच्या पानाला. आत्या म्हणून. हे रद्दीत कसं काय आलं?"

मी रिक्षाने गेले. गोदामात माझी पुस्तके सुतळीने बांधून पडली होती. एकूण अकराशेच्या वर आली होती, त्यांतली निम्म्याहून अधिक आधीच कागदाच्या कारखान्याकडे गेली होती. जी उरली ती नवनाथांनी बाजूला ठेवली. चारशे बारा. मोबदला घेतला नाही. वर टेम्पोने घरी पोचवली.

शाळेत गेले. सचिवांनी यादी दाखवली. साठ्यातून काढून टाकायच्या पुस्तकांची ती यादी होती आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते: "शेवटच्या पानावर विद्यार्थ्यांनी लिखाण करून विद्रूप केल्यामुळे." अकराशे पुस्तकांना तेच कारण. वाचनालयाच्या खोलीत आता ई-लायब्ररी करायची होती. मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "सही कुणाची हाय बघा मॅडम. तुमचीच न्हाई का?"

माझीच होती.

ती ई-लायब्ररी मी नंतर एकदा पाहिली. थंडगार हवा, काचेचे दार, दाराला कुलूप. टॅब खोक्यात. पाहुणे आले की उघडतात. पोरांनी चपला काढून बाहेरून बघायचे.

म्हणून: ती शाल मी कपाटाच्या वरच्या खणात घडी न मोडता ठेवली आहे. ती सचिवांना परत द्यावी आणि पोच घ्यावी. घेताना त्यांनी पोच वाचून सही करावी. श्रीफळ परत करता येत नाही. ते फोडले तेव्हा खवट निघाले होते.

४. माझी सदनिका स्वकष्टार्जित आहे. ती मी खालीलप्रमाणे देते. जाईबाई, माझ्याबरोबर सत्तावीस वर्षे शाळेत शिपाई होती, आज पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहते, तिने माझ्या पश्चात या घरात हयातभर राहावे. तिला कोणी उठवू नये. तिच्या पश्चात सदनिका माझी जुनी विद्यार्थिनी दीपमाला सोनबा कांदे हिच्या मालकीची होईल.

दोघींवर एकच अट. बाहेरच्या खोलीत चारशे बारा पुस्तके आणि शाळेतून परत आणलेला पाळणा आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात ते दार उघडे राहील. सोसायटीतले, मागच्या चाळीतले, कुठलेही पोर येईल, पायाला माती असेल तरी येईल. पुस्तक हरवले तर ओरडायचे नाही. न वाचता नाव ठेवू लागले तर जरूर ओरडावे.

जुना आत्या दारात येऊन आपले पुस्तक मागू लागला, तर ते त्याला देऊन टाकावे. मात्र त्याने एक नवे पुस्तक आणून पाळण्यात ठेवले पाहिजे.

दीपमाला हिलाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. ती सहावीत आली तेव्हा तोंड उघडत नसे, कारण तिच्या बोलण्याला वर्ग हसायचा. तिच्या पहिल्या बारशाला उभी राहिली आणि वीस मिनिटे बोलली. एकजण हसला तर त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू वाचलास का? नाही ना? मग गप बस." आज ती चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासते. मापात नसलेला भाग ती साहेबाने सांगितले तरी पास करत नाही. माझ्या मृत्युपत्राला अशीच बाई हवी.

५. बँकेतील शिल्लक माझ्या क्रियाकर्माला लागेल तेवढी वापरून उरलेली नव्या पुस्तकांना लावावी. डिंक, सुई, दोरा, शिवणीची आरी आणि चष्मा दीपमालाला. शिलाई मशीन जाईबाईला, तिने ते आधीच नेऊन ठेवले आहे.

६. माझा भाचा रविराज यशवंतराव मोरे यास सदनिकेत काहीही मिळणार नाही.

तो दर महिन्याला येतो. चहा पितो, भिंतींना हात लावून बघतो. मागच्या दिवाळीत म्हणाला, "आत्या, ही रद्दी काढून टाक ना, हॉल केवढा मोकळा होईल. फ्लॅटला आताच गिऱ्हाईक चांगलं आहे." रद्दी! माझ्या घरात बसून, माझ्या हातचा चहा पिऊन! मी कपबशी उचलून आत गेले आणि तो जाईपर्यंत बाहेर आले नाही.

रविराज, हे तू वाचशील तेव्हा वकिलाकडे धाव घेऊ नकोस. आधी पुढचे वाच.

१९८९ साली तुझे बारसे झाले. मी तुझी एकुलती एक आत्या. महिनाभर आधीपासून नाव शोधत होते. कोणाला सांगितले नव्हते, कारण ते आधी तुझ्याच कानात सांगायचे होते. पहाटे उठून घुगऱ्या मी शिजवल्या. पाळण्याला फुले मी बांधली. बायका जमल्या आणि तुझी आजी, म्हणजे माझीच आई सोजराबाई, मला हाताने मागे सारत म्हणाली, "विजू, तू आत जाऊन भाताकडं बघ. पाळण्याजवळ नको येऊ. लेकराचं बरं असावं." सगळ्यांनी ऐकले. तुझे वडील जमिनीकडे बघत उभे राहिले. शेजारची एक मुलगी आत्या झाली, तिने तुला रविराज म्हटले आणि तिच्या पाठीत बुक्के पडले. मी आत भाताकडे बघत होते. भात कधीच शिजून झाला होता.

यशवंतराव आज हयात नाहीत म्हणून त्यांच्यावरचा राग मी अर्धा केला आहे. सोजराबाईंवरचा पूर्ण आहे. नवरा ट्रकखाली गेला यात माझे काय चुकले होते, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. विचारायला हवे होते.

तुझा तो पाळणा माळ्यावर गेला. तोच मी शाळेत आणला. ज्याला तू रद्दीचा पसारा म्हणतोस, त्याच्या मधोमधल्या पाळण्यात तू लहानपणी झोपलास.

पहिले बारसे मी शाळा सुटल्यावर एकटीने केले. खोलीत कोणी नव्हते. पक्ष्यांवरचे एक छोटे पुस्तक होते. ते वाचले, पाळण्यात ठेवले, दोरी ओढली, कुर्रर्र केले आणि तुझ्यासाठी ठेवलेले नाव त्याला दिले. ते पुस्तक यादीत नव्हते, कारण ते मी कधी शाळेत ठेवलेच नाही. माझ्या उशाखालच्या खणात आहे. शेवटच्या पानावर लिहिले आहे: पाळण्यातले नाव सारंग, आत्या विजयश्री.

ते पुस्तक रविराजला द्यावे. एवढेच त्याचे. चारशे बारामध्ये ते धरलेले नाही.

७. माझ्या तेराव्याला जेवणावळ घालू नये, कोणी भाषण करू नये. बाहेरच्या खोलीत एका नव्या पुस्तकाचे बारसे करावे. पोरांना बोलवावे, घुगऱ्या जाईबाईने कराव्यात. आणि त्या दिवशी आत्या रविराजने व्हावे. त्याने पुस्तक आधी वाचून यावे. वाचले नसेल तर दीपमालाने त्याला दारातून परत पाठवावे, तो माझा भाचा आहे म्हणून पास करू नये.

वाचून आला, तर त्याला पाळण्याजवळ जाऊ द्यावे. कोणी अडवू नये. नाव ठेवून झाले की सगळ्यांनी त्याच्या पाठीत बुक्के घालावेत. हळू घालू नयेत. माझ्या वाटचे तसेच राहिले आहेत.

हे मृत्युपत्र मी लिहिले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचले आणि मगच खाली सही करत आहे.

स्थळ: चिखली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: विजयश्री माधवराव लोमटे

साक्षीदार (यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही):

१. नवनाथ किसन घुले, रद्दीचे व्यापारी, कुदळवाडी. बाईंनी आमच्यासमोर सही केली. त्याआधी मला सगळे मोठ्याने वाचायला लावले.

२. उद्धवराव सखाराम बनकर, सेवानिवृत्त फिटर, सदनिका क्रमांक ४, अंकुर सोसायटी. मीही वाचले. चष्मा घरी राहिला होता, बाईंनी परत पाठवून आणायला लावला.